कारखाना बंद झाल्यानंतरची वर्षं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर गेटसभांमध्ये बोलले. पाळी सुटलेल्या माणसाला लोकल गाठायची असते, म्हणून गेटसभेत मुद्दा आधी सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. मीही तोच पाळतो. कारखाना बंद पडला की आपला कायदा, आपलं सरकार आणि पुष्कळदा आपली संघटनाही कामगाराची मागची वर्षं मोजायला बसते. नोकरी किती झाली, खाडे किती, शेवटचा पगार किती, त्यावर देणं किती निघतं. त्या माणसाची पुढची वर्षं कशी जाणार, किती वेळा त्याला नव्याने काम शोधावं लागणार, हे मोजायची व्यवस्था आपण उभीच केलेली नाही. आज मी या पुढच्या वर्षांबद्दल बोलणार आहे.

आधी कायद्याचं बघू. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कारखाना बंद झाला तर कामगाराला पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळत असे. त्याच वर्षापर्यंत लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेही हिशेब वर्षाला १५ दिवसांचाच होता. म्हणजे वर्षभर राबल्याबद्दल दोन्ही मिळून एक महिना. ज्याची २० वर्षं भरली त्याच्या हातात २० महिन्यांचा पगार येई, आणि त्याचं वय तेव्हा चाळीस-पंचेचाळीस असे. मुलं शाळा-कॉलेजात, गावी आई-वडील, डोक्यावर पतपेढीचं कर्ज. पहिली रक्कम कर्जात जाते, दुसरी लग्नात किंवा गावच्या घराच्या कौलांत. निवृत्तीला अजून पंधरा वर्षं असतात. या पंधरा वर्षांचा त्या हिशेबाच्या कागदावर उल्लेख नसतो. १९७६ मध्ये सरकारने कायद्यात पाचवं-ब प्रकरण घातलं आणि मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागू लागली. आधी मर्यादा ३०० कामगारांची होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पुन्हा ३०० केली. एवढी वर्षं वाद चालला तो कारखाना बंद करू द्यायचा की नाही यावर. बंद झाल्यावर काय, या प्रश्नावर विधिमंडळात किंवा संसदेत त्याच्या चौथाई वेळसुद्धा खर्च झालेला नाही. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे खरा. कपात झालेल्या कामगाराला नवं काम शिकण्यासाठी त्याच्या खात्यात १५ दिवसांचा पगार जमा व्हायचा आहे. साच्यावर किंवा असेंब्ली लाइनवर वीस वर्षं काढलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या पैशांत दुसरा कोणता धंदा शिकायचा, हे संहितेने सांगितलेलं नाही.

मुंबईच्या गिरणगावात काय घडलं ते इथे बसलेल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा साठच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीर झालं नाही. गिरण्याही एका दिवशी बंद झाल्या नाहीत. काही अर्ध्या कामगारांवर सुरू झाल्या, काही आजारी उद्योग म्हणून बीआयएफआर या पुनर्रचना मंडळाकडे गेल्या, काही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने चालवल्या आणि मग त्याही थांबवल्या. एकेक खातं बंद होत गेलं. साचाखातं बंद पण सूतकताई चालू, मग तीही दोन पाळ्यांत, मग एका. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. तुमची गिरणी बंद कधी झाली असं त्या काळच्या कामगाराला विचारा, तो तारीख सांगू शकत नाही. वीस-वीस वर्षं माणसं आज राहतं की उद्या जातं अशा अवस्थेत होती. ही टांगती अवस्था प्रत्यक्ष बेकारीइतकीच माणसाला पोखरते, असं माझं मत आहे. तिची भरपाई कोणत्याच कलमात बसत नाही.

गिरणीतल्या बदली पद्धतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून आलेला पोरगा आधी गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि सकाळच्या भोंग्याला गेटवर उभा राहायचा. खात्यातल्या कोणी खाडा केला तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाही तर परत. बदली कार्ड हातात पडलं तरी कामाचा भरवसा नसे. अशी पाच-पाच, सात-सात वर्षं काढल्यावर माणूस कायम व्हायचा. कायम झाला की गावात मुलगी द्यायला लोक तयार व्हायचे, पतपेढी कर्ज द्यायची, वाणी वहीवर खातं उघडायचा. खानावळीतल्या बाईलासुद्धा उधारीची धास्ती वाटेनाशी व्हायची. १९८२ च्या संपातल्या कामगारांमध्ये बदली कामगारांची संख्या फार मोठी होती आणि त्यांना कायम करा ही संपाची एक मुख्य मागणी होती, हे आज विसरलं जातं. सगळे बोनस आणि पगारवाढीचंच बोलतात. गिरण्या गेल्या तेव्हा कायम झालेली माणसं पुन्हा बदली झाली. फरक एवढाच की या खेपेला वय चाळीसचं होतं, आणि कायम होण्याची शक्यता कुठेच उरलेली नव्हती.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरून घ्यायच्या काळात मी पुष्कळ दिवस एका टेबलापाशी बसत असे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीत नोकरीला होता तो घराला पात्र, असा निकष होता, आणि ते कागदांनी सिद्ध करावं लागे. सातारा जिल्ह्यातले एक साचेवाले आले. त्यांच्या पिशवीत जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदात गुंडाळलेली फाइल होती. ती उघडून त्यांनी एकेक कागद टेबलावर ओळीने मांडला. गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, सर्व्हिस सर्टिफिकेट, पतपेढीचं पासबुक. सगळ्यांवर नंबर, सगळ्यांवर शिक्का. पावसात भिजून एका पावतीची शाई पसरली होती, तर तिच्यामागे त्यांनी पेनाने तोच आकडा पुन्हा लिहून ठेवला होता. मी विचारलं, "आणि काका, गिरणीनंतर काय केलंत?" ते म्हणाले, भिवंडीला लूमवर होतो, बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे, लाइट गेली की मजुरी गेली. मग छाती धरायला लागली. मग दादरला भाजी. मग एका एजन्सीत वॉचमन, तिथे गणवेशाचे पैसेसुद्धा पगारातून कापले. मग दुसरी एजन्सी. त्यातलं नेमकं काय किती वर्षं केलं ते त्यांना सांगता येईना. मी सवयीने विचारलं, त्याचा काही कागद? त्यांनी मान हलवली. गिरणीतली वर्षं टेबलभर पसरली होती आणि गिरणीनंतरच्या, तेवढ्याच लांबीच्या आयुष्याचा एकही कागद नव्हता. त्या काळात त्यांच्या नावावर फंड जमा झाला नाही, विम्याचा हप्ता गेला नाही, कुठल्या हजेरीपटावर सलग वर्षभर नाव राहिलं नाही. सरकारच्या दृष्टीने त्यांनी त्या वर्षांत काम केलेलंच नव्हतं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीगाव होतं. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद झाली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बेकारीच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. गावच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. शंभर पुरुषांत अठ्ठ्याऐंशी जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतं. रस्त्याने जाताना पुरुष पुन्हा पुन्हा थांबत. बायका मात्र झपाझप जात, कारण त्यांची घरची कामं संपलेली नव्हती. लोक चिडून उठण्याऐवजी थकून बसले, असं अभ्यासकांना आढळलं.

आमच्याकडचे विद्वान हा अभ्यास गिरणगावाला जसाच्या तसा लावतात, ते मला पटत नाही. मारिएनथालमध्ये बेकारभत्ता होता. तुटपुंजा, मुदतीचा, पण होता. गिरणगावात तो नव्हता, त्यामुळे आमच्या माणसाला रिकामं बसणं परवडलं नाही. तो दुसऱ्या आठवड्यापासून मिळेल ते करत राहिला. म्हणून आपल्या पाहणीत तो बेकार म्हणून दिसत नाही. घरी येऊन कोणी विचारलं, काम करता का, तर तो हो म्हणतो, आणि ते खरंच असतं. अहमदाबादेत एक लाखाहून जास्त गिरणी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. अभ्यासक यान ब्रेमन यांनी त्यांचा माग घेतला तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. कारखान्यातून निघालेला माणूस असंघटित कामाच्या पायऱ्या एकेक करून खाली उतरत जातो आणि प्रत्येक पायरीवर मजुरी कमी, तास जास्त. आपल्याकडची कामगाराची असुरक्षितता बेकारीच्या आकड्यात सापडत नाही. ती कामाच्या आत लपलेली असते.

यात बायकांचा हिशेब तर कोणी केलाच नाही. १९२० च्या दशकात गिरण्यांमध्ये साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढे प्रसूतीचा लाभ द्यावा लागतो, रातपाळीला घेता येत नाही, अशी कारणं सांगत आणि नवी यंत्रं आणत मालकांनी ती संख्या उतरवत नेली. म्हणजे कारखान्यातून बाहेर काढलं जाण्याचा अनुभव गिरणगावातल्या बायकांनी पुरुषांच्या आधी दोन पिढ्या घेतला होता. बाहेर पडून त्यांनी खानावळी चालवल्या. एकेकीकडे दहा-पंधरा गिरणीवाले जेवायला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्या काम करतात हे पहिल्यांदा कागदावर आलं. संप लांबला तशी जेवणारी माणसं गावी निघून गेली. महिन्या-महिन्याची उधारी राहिली ती राहिलीच. त्यांच्यापैकी कितीजणी आल्या-गेल्यांना त्याबद्दल कधी बोलल्याही नाहीत. गिरणी बंद झाल्यावर कामगाराला वर्षामागे १५ दिवस मिळाले. त्याला रोज दोन वेळा जेवू घालून ती गिरणी चालती ठेवणाऱ्या बाईला शून्य. नंतर त्याच बायका दादर-वरळीच्या सोसायट्यांत पोळ्या लाटायला गेल्या आणि पुष्कळ घरांत तीच सर्वांत नियमित कमाई ठरली. बंद कारखान्याचा आर्थिक बोजा शेवटी कोणी उचलला याचं उत्तर शोधायचं असेल तर या स्वयंपाकघरांतून सुरुवात करावी लागेल.

गिरण्यांच्या जमिनीबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी ठरली. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या वाट्याची घरं त्यामुळे आटली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास होते. घरांसाठी लढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः त्या रांगांत उभा राहिलो आहे. पण एक सांगतो, जमिनीची लढाई एवढी मोठी झाली की कामाची लढाई तिच्या सावलीत गेली. माणसाला सत्तरीत घर मिळण्याचा प्रश्न आपण लावून धरला. त्याला पंचेचाळिशीत काम मिळण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नसतानाच आपण सोडून दिला.

पुढची वर्षं मोजताच येत नाहीत, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. येतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कामगारांच्या नोंदी घेऊन जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की दीर्घ नोकरीनंतर कारखान्यातून बाहेर पडलेल्याची वार्षिक कमाई कित्येक वर्षांनंतरही आधीच्या अपेक्षेपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमीच राहते. पुढे २००९ मध्ये सुलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी याच राज्यातल्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडल्या. जुन्या, मुरलेल्या पुरुष कामगारांत नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात मृत्यूचं प्रमाण ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. तो परिणाम वीस वर्षांनंतरही पुरता पुसला गेला नव्हता. आपल्याकडे २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीचा प्रत्येक सभासद एका कायम नंबरने ओळखला जातो. कारखाना बंद झाल्यावर त्या नंबरवर वर्गणी पुन्हा कधी सुरू झाली, किती पगारावर, की कधीच नाही, हे त्या नोंदींतून काढता येईल. पाहायची इच्छा असेल तर गिरणगावाचा अंधार पुन्हा पडायची गरज नाही.

आता पुण्याच्या बाजूला वळतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २४ डिसेंबर २०२० ला तिथलं उत्पादन थांबलं. पुढच्या एप्रिलमध्ये सुमारे १,४०० कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. हे कामगार गिरणीवाल्यांसारखे नव्हते. आयटीआय झालेले, तिशी-पस्तिशीतले, घराचे हप्ते भरणारे. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला आणि आता तिथे पुन्हा गाड्या बनतात. मधल्या काळात जुन्या कामगारांनी आम्हाला सामावून घ्या म्हणून उपोषणं केली. कायदा काय म्हणत होता? कपात केलेल्यांना पुन्हा भरती करताना प्राधान्य द्यावं असं औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एच मध्ये होतं, पण ते त्याच मालकाला बांधत असे. जमीन, शेड आणि यंत्रं विकत घेणाऱ्या नव्या मालकावर त्यातून काही येत नसे. यंत्रं नव्या मालकाकडे जाऊ शकतात, ती चालवणाऱ्यांना मात्र नव्याने रांग लावावी लागते.

आणि रांग कोणती? चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात पस्तिशीच्या माणसाला कोणी कायम म्हणून घेत नाही. कंत्राटदाराकडून सात महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत वर्षात २४० दिवस भरले की कायम करावं लागतं, म्हणून २४० भरूच द्यायचे नाहीत. कालपर्यंत ज्या लाइनवर तो टीम लीडर होता, तसल्याच लाइनवर तो ट्रेनी पोरांच्या शेजारी निम्म्या पगारावर उभा राहतो. जुन्या कंपनीत युनियनचं काम केलं असेल तर तो ते अर्जात लिहीत नाही.

मग काय करायचं? यासाठी फार लांब जावं लागत नाही, उत्तराचे तुकडे महाराष्ट्रातच पडलेले आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने एक मोठी गोष्ट केली. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून कामगाराची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मजुरी मंडळातून, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, सुट्टी, औषधोपचार. त्या मंडळांत पुढे काय काय शिरलं ते मला माहीत आहे आणि त्यावर मी इतरत्र बोललो आहे. पण मूळ कल्पना भक्कम आहे, आणि कंत्राटी उत्पादन कामगाराला आज तिचीच गरज आहे. दुसरा तुकडा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेसाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. दुष्काळी गावातल्या माणसाला काम मिळावं म्हणून मुंबईच्या नोकरदाराने पैसे भरले, ही या राज्याची अभिमानाची गोष्ट आहे. त्याच नोकरदाराचं काम गेलं तेव्हा शहरात त्याच्यासाठी हमी नव्हती आणि आजही नाही. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमीची सुरुवात केली. महाराष्ट्राने रस्ता दाखवला आणि आपणच मागे राहिलो. तिसरा तुकडा ईएसआयचा. कारखाना बंद झाल्यास बेकारभत्ता देणारी योजना तिथे १ एप्रिल २००५ पासून आहे, पण ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये. तळेगावसारख्या कारखान्यातला कायम कामगार त्या मर्यादेच्या वर असतो, त्यामुळे संकटाच्या दिवशी तो योजनेच्या बाहेर.

यातलं काहीही करायला कायदे बदलावे लागतील, वेळ जाईल, हे मी जाणतो. एक गोष्ट मात्र उद्या करता येईल. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन भाडेपट्ट्यावर दिलेली असते. ती एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना महामंडळाची संमती लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. नव्या मालकाला सवलतींचं पॅकेजही राज्य सरकारच देतं. म्हणजे खरेदीच्या टेबलावर सरकार बसलेलं असतं, हातात पेन घेऊन. त्या संमतीपत्रात दोन अटी घालायच्या. एक, जुन्या कारखान्याच्या हजेरीपटावरच्या प्रत्येकाला भरतीत पहिला हक्क, आधीची सेवा धरून. दुसरी, जे घेतले गेले नाहीत त्यांची यादी कामगार आयुक्तांनी पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायची, आणि कोण कुठे, किती पगारावर, कायम की कंत्राटी, हे जाहीर करायचं. इथे आज युनियनचे पदाधिकारी आहेत, एक आमदार आहेत, कामगार खात्यातून निवृत्त झालेले दोन अधिकारी आहेत. पहिल्या अटीचा मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो दारापाशी मिळेल. दुसरीचा मसुदा करायला मला ज्यांनी असे हजेरीपट प्रत्यक्ष तपासले आहेत त्यांची मदत लागेल.